वाचकांचे प्रश्न : ऱ्होड्सला जाण्याआधी

ग्रीसच्या सहलीची आखणी करणाऱ्या वाचकांकडून ऱ्होड्स बेटाबद्दल आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. तिकिटांचे आणि बोटींचे दर मोसमागणिक बदलतात, म्हणून ते मुद्दाम छापलेले नाहीत.

प्रश्न : आम्ही चौघे मे महिन्यात सँटोरिनीला जायचे म्हणत होतो. टूरवाला म्हणतो, त्याच पैशांत ऱ्होड्सला जास्त दिवस राहता येईल. एवढे पाहण्यासारखे आहे का तिथे? आणि दोन्ही बेटे एकाच फेरीत होतील का? — स. जो., पुणे

उत्तर : टूरवाला चुकीचे सांगत नाही, पण ही बेटे एकमेकांना पर्याय नाहीत. सँटोरिनी सुमारे ७६ चौरस किलोमीटरचे. ज्वालामुखीच्या कड्यावरून दिसणारा समुद्र हे तिथले मुख्य आकर्षण, आणि त्याला दोन रात्री पुरतात. ऱ्होड्स जवळजवळ १,४०० चौरस किलोमीटरचे, लांबी ८० किलोमीटरच्या आसपास, मध्यावर १,२१५ मीटर उंचीचा अताव्हिरोस डोंगर. उत्तर टोकाला जे शहर आहे त्यात प्राचीन ग्रीक, धर्मयुद्धांतले नाइट, तुर्क आणि इटालियन अशा चार राजवटींचे बांधकाम एकावर एक चढलेले दिसते. क्रूझ जहाजातून उतरून पाच तासांत ते ‘करणारे’ लोक बाजाराची एक गल्ली आणि आइस्क्रीम एवढेच पाहून परततात.

कमीत कमी चार रात्री ठेवा, पाच असतील तर उत्तम. जुन्या शहराला दीड दिवस, लिंडोसला एक, पश्चिम किनारा आणि फुलपाखरांच्या दरीला मिळून एक, सिमी बेटाला एक. उरलेला अर्धा दिवस समुद्रात डुंबायला.

दोन्ही बेटे एकत्र करायची तर हाताशी आठ रात्री हव्यात. मधल्या थेट बोटी आठवड्यातून मोजक्या आणि बरेच तास घेणाऱ्या, विमानाने गेलात तर बहुधा अथेन्सला उतरून पुन्हा उडावे लागते. सहाच रात्री असतील तर एकच बेट निवडा. इतिहासाची ओढ असेल तर ऱ्होड्स. फोटो हाच हेतू असेल तर सँटोरिनी, त्यात कमीपणा काही नाही.

अथेन्सहून विमानाला तासभर लागतो. विमानतळ शहरापासून १४ किलोमीटरवर पाराडिसी गावाजवळ आहे. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून बोटीने यायचे तर बारा ते अठरा तास धरा आणि केबिन घ्या. डेकवरची रात्र पर्यटकांच्या व्हिडिओत दिसते तेवढी सुखाची नसते.

प्रश्न : मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ऱ्होड्सचा महाकाय पुतळा बंदराच्या तोंडावर पाय फाकून उभा आणि खालून जहाजे जाताना दाखवला आहे. आज त्याचे काय पाहायला मिळते? — एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : काहीही नाही, एक तुकडासुद्धा नाही. आणि पुस्तकातले ते चित्रही कल्पनेतले आहे. पण पुतळ्यामागची हकिकत खरी आणि मुलांना सांगण्यासारखी आहे.

लिंडोस, इयालिसोस आणि कामिरोस या बेटावरच्या तीन जुन्या नगरांनी इ.स.पू. ४०८ मध्ये एकत्र येऊन उत्तर टोकाला ऱ्होड्स शहर वसवले. व्यापारावर ते इतके गबर झाले की इ.स.पू. ३०५ मध्ये दिमित्रिओस नावाच्या मॅसेडोनियन सेनापतीने त्याला वेढा घातला. त्याच्याकडे ‘हेलेपोलिस’ नावाचा नऊ मजली, लोखंडी पत्र्यांनी मढवलेला, चाकांवर ढकलायचा बुरूज होता. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस सांगतो की डायोग्नेटस या नगरवासी अभियंत्याने तटाला भोक पाडून रात्रभर बाहेरच्या जमिनीवर पाणी, चिखल आणि मैला ओतायला लावला. सकाळी बुरूज पुढे ढकलला तो तिथेच रुतून बसला. वर्षभराने तह झाला, दिमित्रिओस वेढ्याचे साहित्य टाकून निघून गेला. ते विकून आलेल्या ३०० टॅलेंटमधून (टॅलेंट हे तेव्हाचे चांदीचे वजनी माप) शहराने आपल्या हेलिओस या सूर्यदेवाचा पुतळा उभारला.

शिल्पकार लिंडोसचा खारीस, नामवंत लिसिप्पसचा शिष्य. काम बारा वर्षे चालले आणि इ.स.पू. २८० च्या सुमारास संपले. उंची ७० हात, म्हणजे आजच्या हिशेबात ३२-३३ मीटर. बाहेरून कांस्य, आत लोखंडी सांगाडा आणि दगडांची भरणी. एका प्राचीन वर्णनानुसार पुतळ्याचा एकेक थर जागच्या जागी ओतला जाई आणि तेवढ्या उंचीपर्यंत भोवती मातीचा भराव चढवला जाई, म्हणजे कारागिरांना नेहमी सपाटीवरच काम करता यावे. काम संपल्यावर सगळी माती उपसली.

हा पुतळा उभा राहिला जेमतेम अर्धशतक. इ.स.पू. २२६ च्या सुमारास भूकंप झाला आणि तो गुडघ्यांत मोडून पडला. इजिप्तच्या टॉलेमी राजाने दुरुस्तीचा खर्च देऊ केला, पण देववाणीने मना केले म्हणून ऱ्होड्सकरांनी तो तसाच पडू दिला. पडलेल्या स्थितीतच त्याने जास्त नाव कमावले. रोमन लेखक प्लिनी लिहितो, त्याच्या अंगठ्याला कवेत घेणेसुद्धा फार थोड्यांना जमते.

आता पाय फाकण्याबद्दल. ही कल्पना मध्ययुगाच्या अखेरीस यात्रेकरूंच्या वर्णनांतून सुरू झाली, प्राचीन लेखकांपैकी कोणीही तसे म्हणत नाही. बंदराच्या तोंडावर असे काम करायचे तर व्यापारावर जगणाऱ्या शहराला बारा वर्षे बंदर अडवून ठेवावे लागले असते. एवढ्या अंतरावर पाय रोवून कांस्याचे वजन पेलणे शक्य नव्हते. आणि तसा उभा असता तर पडल्यावर पाण्यात गेला असता, जमिनीवर पडलेला लोकांनी पाहिला नसता. तो नेमका कुठे होता यावर अभ्यासकांत एकमत नाही. मांद्राकी बंदराच्या धक्क्याच्या टोकाला जिथे आज सेंट निकोलसचा बुरूज आहे ती एक जागा सुचवली जाते, शहराच्या वरच्या भागात सूर्यदेवाच्या देवळाजवळची दुसरी. मांद्राकीच्या तोंडाशी आज दोन खांबांवर हरीण आणि हरिणीचे पुतळे आहेत. ‘कोलॉससचे’, म्हणजे त्या महाकाय पुतळ्याचे, ‘पाय इथेच होते’ असे बोटीवाले छातीठोकपणे सांगतात. हसून सोडून द्यावे.

सातव्या शतकात अरबांनी बेट घेतल्यावर ते भंगार एका व्यापाऱ्याला विकले आणि त्याने ९०० उंटांवर लादून नेले, अशी एका बायझंटाईन इतिहासकाराची नोंद आहे. उंटांचा आकडा पारखूनच घ्यावा.

प्रश्न : आम्ही दुर्गभ्रमंती करणारी मंडळी. ऱ्होड्सचा किल्ला नेमका कसा पाहावा? एवढा बेलाग होता तर पडला कसा? — रा. भो., सातारा

उत्तर : बहुतेक लोक किल्ला आतून पाहतात, म्हणून त्यांना तो कळत नाही. आधी खंदकात उतरा. खंदक कोरडा आहे, लढायांच्या काळातही कोरडाच होता. आत शिरायला पैसे पडत नाहीत, सावकाश चाललात तर तास-दीड तास लागतो. दोन्ही बाजूंना खडक आणि चिऱ्यांच्या भिंती, पायाशी दगडी तोफगोळे अजून जागोजाग पडलेले. तटावरून चालायचा मार्ग वेगळा आहे आणि तो ठरावीक वेळांतच खुला असतो. राजवाड्याच्या तिकीट खिडकीवर आदल्या दिवशी चौकशी करून ठेवा.

जेरुसलेमच्या सेंट जॉनचे नाइट १३०९ मध्ये या शहराचे धनी झाले. हे लढवय्ये संन्यासी, मूळ काम यात्रेकरूंची शुश्रूषा. त्यांची विभागणी भाषेप्रमाणे होती : प्रोव्हान्स, ओव्हेर्न, फ्रान्स, इटली, आरागॉन, इंग्लंड, जर्मनी आणि नंतर कास्टिल. तटाचा एकेक भाग एकेका भाषेच्या ताब्यात. सुमारे चार किलोमीटरच्या तटावर फिरताना जागोजाग संगमरवरी ढाली बसवलेल्या दिसतात, त्यांवर ग्रँड मास्टरांची, म्हणजे नाइटांच्या प्रमुखांची, कुलचिन्हे असतात. कुलचिन्ह ओळखता आले की तो भाग कोणाच्या कारकिर्दीत उभा राहिला किंवा दुरुस्त झाला हे कळते. पहिल्या दिवशीच त्यांचा एक तक्ता विकत घ्या, पुढचे दोन दिवस मजेत जातात.

१४८० मध्ये तुर्की सुलतान मेहमद दुसऱ्याच्या फौजेचा वेढा नाइटांनी परतवला. पण उंच आणि पातळ भिंती तोफांपुढे टिकत नाहीत हा धडा त्यांनी घेतला. ग्रँड मास्टर पिएर द’ओबुसाँ याने खंदक रुंद केला, तट जाड केले आणि खंदकाच्या मधोमध मूळ खडक न फोडता तसाच उभा ठेवून त्याचा दुसरा अडसर केला. खंदकातून चालताना डावीकडे-उजवीकडे जी सुटी ‘बेटे’ दिसतात ती हीच. बुरूज गोलाऐवजी बहुकोनी होत गेले, म्हणजे बाजूच्या बुरुजावरून माऱ्यात न येणारा कोपरा उरू नये. १५१२ चा द’अम्ब्वाझ दरवाजा जरूर पाहा. गोमुखी बांधणीला सरावलेल्या डोळ्यांना तिथली वळणे लगेच उमगतील.

तुर्की सुलतान सुलेमानने १५२२ च्या उन्हाळ्यात वेढा घातला. १५१७ मध्ये इजिप्त त्याच्या बापाने जिंकले होते आणि इस्तंबूल ते इजिप्त या समुद्रवाटेवर ऱ्होड्सचे नाइट जहाजे लुटत बसलेले, हे त्याला परवडणारे नव्हते. आतली शिबंदी साधारण सात हजारांची, त्यात प्रत्यक्ष नाइट सहाशे-सातशे. तोफांनी तट ढासळेना म्हणून तुर्कांनी सुरुंग लावायला घेतले आणि खरी लढाई जमिनीखाली गेली. आतल्या बाजूने गाब्रिएले तादिनी हा इटालियन अभियंता होता. त्याने जमिनीत ताणलेल्या चामड्याचे ढोल बसवून त्यांना बारीक घंटा लावल्या. खाली कुदळ चालली की चामडे थरथरायचे, घंटा वाजायची. मग त्या जागी उलटा बोगदा खणून सुरुंग निकामी करायचा. सगळेच सापडले नाहीत. ४ सप्टेंबरला इंग्लंडच्या बुरुजाखालचा सुरुंग उडाला आणि दहा-अकरा मीटरचे खिंडार पडले. तेही नाइटांनी लढवले.

किल्ला शेवटी तहाने गेला. डिसेंबरपर्यंत दारूगोळा संपत आला, मदत येईना, शहरवासी ग्रँड मास्टर विलिए द लील-आदाँ याला तह करायला सांगू लागले. नाइटांना शस्त्रांसह जाऊ द्यायचे ठरले आणि १ जानेवारी १५२३ रोजी ते जहाजांत बसले. १५३० मध्ये त्यांना माल्टा मिळाले. याच सुलेमानचे आरमार पुढे १५३८ मध्ये पोर्तुगीजांचा दीव घ्यायला आपल्या समुद्रात आले आणि हात हलवत परतले. दीव पाहिलेल्यांनी ऱ्होड्स पाहताना हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : ग्रँड मास्टरचा राजवाडा अस्सल नाही असे वाचले. मग तिकीट काढावे का? — मु. दे., ठाणे

उत्तर : काढावे, पण काय पाहतो आहोत ते माहीत असू द्यावे. तुर्कांच्या काळात जवळच्या सेंट जॉनच्या चर्चखाली दारूगोळा साठवलेला होता. १८५६ मध्ये त्यावर वीज पडली, चर्च उडाले आणि राजवाड्याचाही बराच भाग गेला. १९१२ पासून बेट इटलीकडे होते. त्यांनी १९३७ ते १९४० या काळात राजवाडा नव्याने उभारला, व्हिक्टर इमॅन्युएल राजा आणि मुसोलिनी यांच्यासाठी. बाहेरचा दर्शनी भाग जुन्याला बऱ्यापैकी धरून आहे, आतली दालने मात्र फॅसिस्ट काळाच्या हौसेची. जमिनीवरची मोझेक अस्सल आहेत, पण ती कोस बेटावरून उचलून आणलेली.

एकाच तिकिटापुरता वेळ असेल तर आमचे मत पुरातत्त्व संग्रहालयाला. ती इमारत म्हणजे नाइटांचे रुग्णालय. बांधकाम १४४० मध्ये सुरू होऊन १४८९ मध्ये पुरे झाले, आणि वरच्या मजल्यावरचा रुग्णांचा लांबलचक दिवाणखाना तसाच आहे. केस पिळत बसलेली छोटी संगमरवरी अफ्रोदिती (ग्रीकांची प्रेमदेवता) इथेच. तिथून बाहेर पडलात की समोर नाइटांचा रस्ता, जेमतेम २०० मीटरचा. तो सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर चालावा.

प्रश्न : आई-वडील सत्तरीचे, दोघांनाही गुडघ्यांचा त्रास. लिंडोसचा डोंगर जमेल का? गाढवे मिळतात म्हणे. आणि राहायला जुने शहर बरे की बाहेर? — वै. शि., डोंबिवली

उत्तर : आधी राहण्याचे. जुन्या शहराच्या गल्ल्यांत समुद्रातले गोटे उभे रोवून फरसबंदी केलेली आहे. दिसायला देखणी, पण प्रत्येक गोटा तळव्याला टोचतो. बॅगेची छोटी चाके त्यात अडकतात, तुटतात. टॅक्सी दरवाजापर्यंतच येते, पुढचे दोनशे-तीनशे मीटर सामान हातात. शिवाय जुन्या घरांच्या हॉटेलांत लिफ्ट क्वचित. ज्येष्ठांना घेऊन जाताना तटाबाहेर नव्या शहरात, मांद्राकीच्या आसपास राहा. दहा मिनिटांच्या सपाट चालीवर दरवाजा आहे. बूट जाड तळाचे, चपला नकोत.

लिंडोस शहरापासून साधारण ५० किलोमीटर. बस गावाच्या वरच्या अंगाला थांबते, तिथून उतरत गावात जायचे आणि मग ११६ मीटर उंचीच्या खडकावर चढायचे. पायऱ्या सुमारे ३००, वाटेत सावली जवळजवळ नाही, वरच्या पायऱ्यांचा दगड झिजून गुळगुळीत झालेला. शेवटचा टप्पा किल्ल्याच्या भिंतीला लागून आहे आणि एका बाजूला नीट कठडा नाही. गुडघे दुखणाऱ्यांना चढणे जमते, उतरताना हाल होतात. काठी न्या आणि प्रत्येकी एक लिटर पाणी.

वेळ फार महत्त्वाची. फाटक उघडताक्षणी आत शिरा, किंवा बंद व्हायच्या दोन तास आधी. अकरा ते तीन टाळाच : क्रूझच्या बसगाड्या याच वेळी येतात, उलटसुलट गर्दीत अरुंद पायऱ्यांवर खोळंबा होतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये दगड तापलेले असतात.

गाढवे गावाच्या चौकातून मिळतात, पण ती फाटकापर्यंतच सोडतात, किल्ल्यातल्या पायऱ्या चालूनच चढाव्या लागतात. म्हणजे तुमची खरी अडचण सुटत नाहीच. ग्रीसच्या नियमानुसार गाढवावर १०० किलो किंवा त्याच्या वजनाच्या एक पंचमांश यांहून जास्त भार टाकता येत नाही. अंगाने भरलेल्या माणसाने तो विचार सोडावा.

आई-वडील खालीच थांबणार असतील तर गावातले पंधराव्या शतकातले पनागिया चर्च आणि सतराव्या शतकातल्या जहाजमालकांची घरे पाहता येतात. वर जाणाऱ्यांनी चढणीच्या पायथ्याशी डावीकडच्या खडकाकडे लक्ष द्यावे. तिथे जहाजाचा मागचा भाग जवळजवळ खऱ्या आकारात कोरला आहे, वल्ह्याचे सुकाणूसुद्धा दिसते. इ.स.पू. १८० च्या सुमाराचे ते काम. त्यावर एका सेनानीचा पुतळा उभा असे, आता नुसती बैठक उरली आहे. लोक धापा टाकत त्याच्या पुढून निघून जातात. माथ्यावर अथेना लिंडियाचे देऊळ, खाली सेंट पॉलचा छोटा उपसागर. काही खांब नवेकोरे दिसतील. इटालियनांनी केलेल्या दुरुस्तीतले लोखंड गंजून दगड फुटू लागला, ते काढून पुन्हा दुरुस्ती करावी लागली.

प्रश्न : फुलपाखरांच्या दरीत मे अखेरीस फुलपाखरे दिसतील का? — चौथीतल्या मुलीची आई, नागपूर

उत्तर : नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच, ऑगस्टमध्ये सर्वाधिक. आणि ती खरे तर पतंग आहेत. बसलेले असताना काळ्या-पिवळसर पट्ट्यांमुळे झाडाच्या सालीत मिसळून जातात, पंख उघडले की आतला केशरी-लाल रंग दिसतो. पेतालुदेसची दरी ओढ्यामुळे गार आणि दमट, तिथल्या स्टोरॅक्सच्या झाडांवर ते उन्हाळा काढतात. या दिवसांत ते खात नाहीत, अंगातल्या साठ्यावर जगतात. टाळ्या किंवा शिट्टी वाजवून उडवले की तो साठा विनाकारण खर्च होतो आणि अंडी घालण्याआधीच पतंग मरतात. त्यांची संख्या घटण्याचे हे एक मोठे कारण मानले जाते. लाल रंग दिसावा म्हणून शेजारचा कोणी टाळी वाजवू लागला तर त्याला सांगा.

प्रश्न : समोरच तुर्कस्तान दिसते. एका दिवसात मार्मारिस पाहून परत येता येईल का? आमच्याकडे ग्रीसने दिलेला सिंगल एंट्री शेंगेन व्हिसा आहे. — अ. कु., औरंगाबाद

उत्तर : जाऊ नका. मार्मारिसची बोट तासाभराची, पण त्या तासात तुम्ही शेंगेनच्या, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या, हद्दीबाहेर पडता. बंदरावर बाहेर गेल्याची नोंद झाली की सिंगल एंट्री व्हिसा संपला, मग त्यावर कितीही दिवस शिल्लक असोत. संध्याकाळी परत बोटीत चढू देणार नाहीत. सामान ऱ्होड्सच्या हॉटेलात, परतीचे तिकीट अथेन्सहून आणि तुम्ही मार्मारिसला, अशी पंचाईत होते. तिकीट विकणारा व्हिसा तपासेलच या भरवशावर राहू नका.

मार्मारिस करायचेच असेल तर अर्ज भरतानाच मल्टिपल एंट्री मागा आणि प्रवासाच्या आराखड्यात त्या दिवसाची नोंद दाखवा. तरीही देणे न देणे वकिलातीच्या हाती. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा लागतो. वैध शेंगेन व्हिसा असणाऱ्या भारतीयांना तो अटींवर ऑनलाइन मिळतो, निघण्याआधी ताज्या अटी वाचा. काही ग्रीक बेटांवर उतरताच सात दिवसांचा व्हिसा देतात ती सोय तुर्की नागरिकांसाठी आहे, भारतीय पासपोर्टला नाही.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आल्यावर नाही. विमा किमान ३०,००० युरोचा. एप्रिल-मेच्या तारखांसाठी फेब्रुवारीतच वेळ घ्या.

बोटीची हौस सिमी बेटावर भागवा. तेही ग्रीसचेच, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न येत नाही. बोट तास-दीड तासाची. बंदराभोवती चढत गेलेली पिवळ्या-गुलाबी रंगांची घरे पाहायला डेकवर आधीच जागा धरा. पानोर्मितीसच्या मठाला थांबणारी बोट निवडली तर मठात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. उपाशी तर राहावे लागणार नाही ना? — प्री. शा., सांगली

उत्तर : शाकाहाऱ्यांचे छान भागते. हिरव्या शेंगांची टोमॅटोतली ‘फासोलाकिया’, भाजलेल्या भाज्यांचा ‘ब्रियाम’, मोठ्या पांढऱ्या वालांचे ‘गिगांतेस’, पालक घातलेली ‘स्पानाकोपिता’ बहुतेक खानावळींत असते. ऱ्होड्सची खासियत म्हणजे ‘पितारूदिया’ : चणे, टोमॅटो, कांदा आणि पुदिना घालून तळलेले वडे. गोडात ‘मेलेकूनी’, तीळ आणि मधाची संत्र्याच्या सालीचा वास असलेली वडी, लग्नात वाटतात. बरेच दिवस टिकते, घरी न्यायला तीच घ्या.

चुका होतात त्या चार ठिकाणी. भरलेल्या टोमॅटो-ढोबळी मिरचीत (‘येमिस्ता’) कधी नुसता भात असतो तर कधी खिमा, म्हणून ‘खोरिस किमा’ म्हणजे खिम्याशिवाय आहे का असे विचारा. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपवासाचे. त्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण कोळंबी आणि माकुळ चालते. फेटा चीज साधारणतः प्राणिजन्य रेनेट (दूध फाडायचे विरजण) वापरून केलेले असते. आणि बटाट्याचे काप त्याच तेलात तळतात ज्यात मासे तळले.

सासूबाईंसाठी खानावळीतले शिजवलेले पदार्थ जवळजवळ बाद, कारण कांदा आधीच पडलेला असतो. उकडलेला पाला ‘होर्ता’, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू, शिवाय ‘खोरिस क्रेमिदी’ म्हणजे कांद्याशिवाय सांगून मागवलेले सॅलड, ब्रेड, दही-मध, फळे. चार दिवस हेच खाऊन कंटाळा येईल, म्हणून स्वयंपाकघर असलेली खोली घ्या.

प्रश्न : आम्ही कोकणातले बेने इस्रायली. ऱ्होड्सला जुनी ज्यू वस्ती होती असे ऐकले. आता काय उरले आहे? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : जुन्या शहराच्या पूर्व भागात ‘काहाल शालोम’ सिनेगॉग आहे, १५७७ चे. ग्रीसमध्ये आजही वापरात असलेले हे सर्वांत जुने. फरसबंदीवर काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी, शेजारी छोटे संग्रहालय. इथले लोक स्पेनमधून हद्दपार झालेल्यांचे वंशज, घरात लादिनो ही जुन्या स्पॅनिशवर बेतलेली ज्यू बोली बोलणारे.

१९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर बेट जर्मनांकडे गेले. जुलै १९४४ मध्ये त्यांनी ऱ्होड्सच्या सुमारे १,७०० ज्यूंना बोटींतून पिरेयसला आणि तिथून रेल्वेने आउश्वित्झला नेले. जिवंत राहिले दीडशेच्या आसपास. तुर्की कॉन्सुल सेलाहत्तिन उल्कुमेन याने तुर्की नागरिकत्वाचा मुद्दा लावून धरून चाळीसएक जणांना सोडवले, त्यांतले सगळेच प्रत्यक्षात तुर्की नागरिक नव्हते. समुद्री घोड्यांच्या कारंज्याचा जो चौक आहे त्याचे नाव ज्यू हुतात्मा चौक. अनेक भाषांत कोरलेला काळ्या दगडाचा स्मृतिस्तंभ तिथेच आहे, भोवती खाद्यपदार्थांच्या दुकानांची खुर्च्या-टेबले. सिनेगॉग शनिवारी पर्यटकांना बंद असते, एरवीच्या वेळा आधी विचारून जा.

प्रश्न : कोणता महिना बरा? वणव्यांची भीती किती? — नि. पा., जळगाव

उत्तर : मे, किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. त्यातही पोहायचे असेल तर दुसरा पर्याय, कारण उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हा कोमट असतो. जुलै-ऑगस्टमध्ये वायव्येकडून ‘मेल्तेमी’ वारा सुटतो. पश्चिम किनाऱ्यावर लाटा आणि वाळूचा मारा, पूर्व किनारा मात्र शांत. हॉटेल निवडताना किनारा कोणता हे नकाशावर पाहा. स्वस्तात मिळालेले हॉटेल बहुधा वाऱ्याच्या बाजूचे असते. नोव्हेंबर ते मार्च किनाऱ्यावरची बहुसंख्य हॉटेले बंद असतात.

जुलै २०२३ च्या वणव्यात दक्षिण-पूर्वेकडच्या कियोतारी, लार्दोस भागातून सुमारे १९,००० लोकांना हलवावे लागले. फोनवर मोठ्याने वाजणारा सरकारी इशारा आला तर तो वाचून लगेच निघा. पासपोर्ट, औषधे आणि चार्जर एका पिशवीत वेगळे ठेवलेले असू द्या.

प्रश्न : गाडी भाड्याने घ्यावी की बसने भागेल? — द. का., पणजी

उत्तर : लिंडोस, फालिराकी, कालिथिया एवढेच करायचे तर बस पुरते. पूर्व किनाऱ्याच्या आणि पश्चिम किनाऱ्याच्या बसगाड्यांचे थांबे वेगळे आहेत, दोन्ही मांद्राकीजवळच्या नव्या बाजाराला लागून. चुकीच्या रांगेत उभे राहून बस हुकवणारे रोज दिसतात. कामिरोस आणि दक्षिण टोकासाठी गाडीच घ्या, दोन दिवसांची पुरे.

भारतीय परवान्याबरोबर आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना न्या. तो नसेल तर एखादा गाडीवाला गाडी देईलही, पण अपघात झाल्यास विमा हात वर करील. वाहतूक उजवीकडून, गाड्या बहुतेक गिअरच्या. ‘संपूर्ण विमा’ म्हटले तरी टायर आणि गाडीचा तळ त्यात धरलेला नसतो, आणि किनाऱ्याकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटांवर नेमके तेच फुटते. करार सही करण्याआधी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा.

कामिरोस चुकवू नका. लिंडोसच्या एक दशांशही गर्दी नसते. उतारावर टप्प्याटप्प्याने वसलेले नगर, मधून सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरांची जोती. माथ्यावर ६०० घनमीटरचा हौद, त्यातले पाणी तीन-चारशे कुटुंबांना पुरे. भोवती तटबंदी नाही. आधी खालून वर चाला आणि हौदापाशी उभे राहून खाली पाहा, नगररचना एका नजरेत कळते.

प्रासोनिसीचे वाळूचे टोक शहरापासून ९० किलोमीटरच्या आसपास. तिथे मेल्तेमीवर विंडसर्फिंग करणारे येतात, पोहणाऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या प्रवाहांपासून जपावे. दक्षिणेकडे पेट्रोलपंप विरळ आणि रविवारी काही बंद असतात. लिंडोस ओलांडण्याआधी टाकी भरून घ्या.